चौकात न बसता चौक जिंकणारा डाव: बुद्धिबळातली ‘बगलेची सुरुवात’ म्हणजे काय?

बुद्धिबळ शिकायला बसलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगितली जाते. आधी मधली घरं धर, राजासमोरचं नाहीतर वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाक. सल्ला चांगला आहे. पण शालेय स्पर्धांचे दिवस आले आणि पोरं तालुक्याला खेळायला गेली की एखाद्या पटावर वेगळेच घडते. समोरचा खेळाडू मधल्या प्याद्यांना हातच लावत नाही. तो एक घोडा बाहेर काढतो, मग कडेकडची प्यादी सरकवतो आणि उंट कोपऱ्याजवळ नेऊन ठेवतो. आपल्या पोराला वाटते, याला खेळता येत नाही. पंधराएक खेळ्यांनी मात्र आपलाच डाव आवळला गेलेला असतो.

या पद्धतीला ‘फ्लँक ओपनिंग’ म्हणतात. मराठीत सांगायचे तर बगलेकडून केलेली सुरुवात. ती आडवळणाची वाटली तरी किरकोळ नाही. नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डी. गुकेश आणि चीनचा डिंग लिरेन यांच्यात जगज्जेतेपदाची लढत झाली. दहा डावांनंतर गुण ५-५ असे बरोबरीत होते. अकराव्या डावात गुकेशने पांढऱ्या मोहऱ्यांनी पहिल्या तीन खेळ्या केल्या त्या अशा: घोडा एफ-३, प्यादे सी-४, प्यादे बी-४. हा डाव त्याने २९ खेळ्यांत जिंकला. बारावा डाव डिंगने जिंकला, त्याची पहिली खेळी होती प्यादे सी-४. चौदाव्या आणि शेवटच्या डावात डिंगने घोडा एफ-३ ने सुरुवात केली, तो डाव गुकेशने जिंकला आणि तो जगज्जेता झाला. म्हणजे शेवटच्या चार डावांपैकी तीन निकाली लागले आणि तिन्हींची पहिली खेळी बगलेकडची होती.

गुकेशच्या त्या तीन खेळ्या नव्या नव्हत्या. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १९२४ साली, न्यूयॉर्कमध्ये एका खेळाडूने पांढऱ्या मोहऱ्यांनी ह्याच तीन खेळ्या ह्याच क्रमाने केल्या होत्या आणि आठ वर्षे कोणाकडूनही न हरलेल्या जगज्जेत्याला हरवले होते. बगलेची सुरुवात समजून घ्यायची तर तो डाव पाहायलाच हवा.

मधल्या चार घरांचे महत्त्व

पटावर उभ्या आठ ओळी असतात. पांढऱ्या बाजूने बसले तर डावीकडून उजवीकडे त्यांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच म्हणतात. आडव्या ओळींना १ ते ८ आकडे. डी-४, ई-४, डी-५ आणि ई-५ ही मधली चार घरे म्हणजे पटाचा चौक. इथे बसलेला घोडा आठ घरांवर मारा करतो, कोपऱ्यातला घोडा फक्त दोन. म्हणून चौक ज्याच्या हातात, डाव त्याच्या हातात, असे शिकवले जाते आणि ते खोटे नाही.

मेख आहे ती ‘हातात असणे’ या शब्दांत. आठवडी बाजाराच्या दिवशी गावाच्या चौकात पाल टाकून बसणे ही एक गोष्ट झाली. चौकाकडे येणारे रस्ते धरून उभे राहणे ही दुसरी. पहिल्याला जागा मिळते, पण त्याला तिथून उठता येत नाही, चारी बाजूंनी स्वतःला सांभाळावे लागते. दुसरा लांब उभा असतो, पण चौकात काय येणार आणि काय जाणार हे तो ठरवतो.

बगलेची सुरुवात या दुसऱ्या विचारावर उभी आहे. समोरच्याला चौकात प्यादी आणू द्यायची. ती एकदा पुढे आली की मागे जात नाहीत, कारण प्यादे मागे चालत नाही. मग कडेला ठेवलेले उंट, घोडे आणि सी ओळीतले प्यादे यांनी त्यांच्यावर दाब द्यायचा आणि योग्य वेळी चौक फोडायचा. बी किंवा जी ओळीतले प्यादे सरकवून त्या जागी उंट बसवण्याला ‘फियांकेटो’ म्हणतात. हा इटालियन शब्द, ‘बगल’ याच अर्थाच्या शब्दावरून आलेला. तिथे बसलेला उंट पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची तिरपी ओळ धरतो आणि ती ओळ चौकातूनच जाते.

आठ वर्षे न हरलेला माणूस

होजे राउल कापाब्लांका हा क्युबाचा. १९२१ साली हवाना इथे त्याने इमॅन्युएल लास्करला हरवून जगज्जेतेपद मिळवले, तेही एकही डाव न गमावता. फेब्रुवारी १९१६ नंतर स्पर्धेत किंवा सामन्यात तो हरलाच नव्हता. सलग ६३ डाव, त्यांत ४० विजय आणि २३ बरोबऱ्या. त्याचा खेळ इतका सरळ आणि बिनचूक की लोक त्याला बुद्धिबळाचे यंत्र म्हणत.

मार्च १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या अलामॅक हॉटेलात मोठी स्पर्धा भरली. खेळाडू अकरा, प्रत्येकाशी दोन डाव. लास्कर, कापाब्लांका, अलेखाइन, मार्शल अशी त्या काळातली जवळजवळ सगळी मोठी नावे तिथे होती. त्यांत एक होता रिचर्ड रेटी. १८८९ साली आजच्या स्लोव्हाकियातल्या पेझिनोक गावी जन्मलेला हा खेळाडू लिहिणाराही होता. चौक व्यापण्यापेक्षा चौकावर लांबून ताबा ठेवावा, असे मानणाऱ्या नव्या पिढीच्या खेळाडूंत तो पुढे होता. जुन्या मंडळींना हे पुस्तकी खूळ वाटायचे. हे खूळ आहे की खरे शास्त्र, याचा निकाल पटावरच लागायचा होता. २२ मार्च १९२४ रोजी, पाचव्या फेरीत, रेटी पांढऱ्या मोहऱ्यांनी कापाब्लांकासमोर बसला.

डाव कसा गेला

रेटीने घोडा एफ-३ वर काढला, मग सी-४ आणि बी-४ ही प्यादी पुढे टाकली. त्यानंतर एक उंट बी-२ वर, दुसरा जी-२ वर. दोन्ही उंट कडेला, दोन्ही चौकाकडे तोंड करून. कापाब्लांकानेही आपले उंट तसेच कडेला बसवले, पण नवव्या खेळीला त्याने प्यादे ई-५ वर आणून चौकात पाय रोवला. रेटीची मधली दोन्ही प्यादी तेव्हा आपल्याच हद्दीत होती, एक डी-३ वर आणि दुसरे ई-२ वर, जागचे न हललेले. नुसता पट पाहणाऱ्याला काळ्याची बाजू बरी वाटली असती.

तेराव्या खेळीला कापाब्लांकाने सी-५ वर प्यादे टाकले. हेतू रास्त होता. रेटीला डी-४ वर प्यादे आणायचे आहे हे दिसत होते आणि त्या घरावर पकड वाढवायची होती. पण या खेळीची किंमत होती. काळ्याचे डी-६ वरचे प्यादे आता एकटे पडले. त्याच्या डावी-उजवीकडची दोन्ही प्यादी पुढे निघून गेली होती, त्यामुळे त्याला प्याद्याचा आधार उरला नाही. प्याद्याच्या आधाराविना उरलेले प्यादे राखायचे तर मोठी मोहरी राखणीला बसवावी लागतात आणि राखणीला बसलेले मोहरे दुसऱ्या कामाला मोकळे राहत नाही.

रेटीने घाई केली नाही. चौदाव्या खेळीला त्याने बी ओळीतले प्यादे बी-५ वर सरकवले. त्या वेळी ही खेळी साधी वाटते, तिचा उपयोग पुढे कळतो. मग प्यादे ई-३ वर, आणि सोळाव्या खेळीला प्यादे डी-४. डाव सुरू झाल्यावर पांढऱ्याचे मधले प्यादे चौथ्या ओळीत आले ते इतक्या उशिरा. तोवर सगळी मोहरी तयार होती. म्हणून हे प्यादे चौकात नुसते बसायला आले नाही, चौक फोडायला आले.

पुढच्या चार खेळ्यांत मधली प्यादी एकमेकांना मारून साफ झाली आणि डी ओळ उघडली. विसाव्या खेळीला कापाब्लांकाच्या वजिराने सी-४ वरचे प्यादे उचलले. फुकटचे प्यादे कोणाला नको असते? पण रेटीने लगेच काळ्याचा जी-७ वरचा उंट मारला, राजाने तो उंट मारून परतफेड केली आणि रेटीचा वजीर बी-२ वर येऊन शह देऊन बसला. ज्या तिरप्या ओळीत सुरुवातीला उंट होता, तीच ओळ. राजा बाजूला झाला आणि पांढऱ्या हत्तीने डी-६ वरचे ते एकटे प्यादे मारले. गेलेले प्यादे वसूल झाले आणि उघडी डी ओळ पांढऱ्याला मिळाली. पुढच्याच खेळीला दुसरा हत्तीही त्याच ओळीत मागे येऊन उभा राहिला.

आता काळ्या वजिराची वणवण सुरू झाली. सी-४ वरून सी-५, तिथून एच-५, मग ई-५, मग पुन्हा सी-५. तो जिथे जाई तिथे रेटीचे एखादे मोहरे त्याच्यावर चालून येई आणि तेवढ्यात स्वतःची जागा सुधारून घेई. एकोणतिसाव्या खेळीला पांढरा घोडा सी-६ वर, काळ्याच्या घरात जाऊन बसला. त्याला आधार कोणाचा? बी-५ वरच्या प्याद्याचा. तिसऱ्या खेळीला कडेने निघालेल्या त्या प्याद्याने इथे आपले काम केले.

एकतिसाव्या खेळीला रेटीने मागचा हत्ती डी-५ वर आणला आणि थेट काळ्या वजिरावर रोखला. कापाब्लांकाने डाव सोडला.

दोघांचे बळ सारखेच, तरी डाव संपला

या डावात नवख्या माणसाला खटकते ते इथेच. डाव सोडला तेव्हा पटावर काय होते? पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती, दोन घोडे आणि पाच प्यादी. काळ्याकडेही वजीर, दोन हत्ती, दोन घोडे आणि पाच प्यादी. एका मोहऱ्याचाही फरक नाही. मग जगज्जेता का उठला?

कारण सी-५ वरच्या वजिराला जायला एकही सुरक्षित घर नव्हते. वर गेला तर सी-६ चा घोडा प्याद्याच्या आधाराने उभा. खाली सी-४ ला ई-३ चा घोडा, सी-३ ला वजीर. बी-४ ला ए-३ चे प्यादे. डी-५ वरचा हत्ती मारावा तर त्याला घोड्याचा आणि दुसऱ्या हत्तीचा आधार. पटावरच्या सगळ्यात ताकदवान मोहऱ्याची चारी बाजूंनी नाकेबंदी झाली होती. घोडा सी-४ वर टाकून पांढऱ्या वजिरावर उलट हल्ला करणे एवढाच उपाय होता. पण त्यातून दोन्ही वजीर गेल्यावरही पांढऱ्याचे पारडे जड राहत होते.

या एका डावाने कापाब्लांकाची आठ वर्षांची मालिका संपली. तो त्या स्पर्धेत आणखी एकही डाव हरला नाही. २० पैकी १४.५ गुणांसह दुसरा आला, तर ५५ वर्षांचा लास्कर १६ गुणांनी पहिला. रेटी १०.५ गुणांवर पाचवा राहिला, पण बोगोल्युबोव्हविरुद्धच्या डावासाठी सर्वांत सुंदर डावाचे पहिले बक्षीस त्यालाच मिळाले. घोडा एफ-३ आणि सी-४ या सुरुवातीला आज जगभर ‘रेटी ओपनिंग’ म्हणतात.

देशी खेळाची आठवण

प्यादे एकेक घर सरकवायचे, उंट कोपऱ्याजवळ ठेवायचे, चौकात उशिरा यायचे, हे ऐकून गावाकडच्या जुन्या खेळाडूंना काही आठवेल. बहुतेक देशी पद्धतींत प्याद्याला पहिल्या खेळीतही एकच घर चालता येई. किल्लेकोट नव्हता, राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळे. साहजिकच डाव संथ उघडायचा आणि कडेने बांधला जायचा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोलकात्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, बुद्धिबळात भलता तयार. त्याच्या तोडीचा खेळाडू शोधताना क्लबच्या मंडळींना बंगालच्या ग्रामीण भागात महेशचंद्र बॅनर्जी भेटले. ते देशी पद्धतीत वाढलेले. दोघांत पुढे शेकडो डाव झाले आणि त्यांतले बरेच नोंदले गेले. बॅनर्जी युरोपी नियमांनी खेळतानाही काळ्या मोहऱ्यांनी प्यादे जी-६ वर आणि उंट जी-७ वर ठेवायचे. १८५५ च्या एका डावात त्यांनी खेळलेली मांडणी पुढे १९२२ मध्ये अर्न्स्ट ग्रुनफेल्डने वापरली आणि तिला त्याचे नाव पडले. आज जगातली पुस्तके ज्या मांडण्यांना ‘किंग्ज इंडियन’, ‘क्वीन्स इंडियन’ म्हणतात, त्यांतला ‘इंडियन’ हा शब्द या देशी खेळाच्या वळणावरून आला आहे.

रेटी हे बॅनर्जींकडून शिकला, असा याचा अर्थ नाही. पण जी पद्धत युरोपात नवी आणि धाडसी ठरली, तिच्याशी मिळताजुळता खेळ इथली खेड्यातली माणसे आधीपासून खेळत होती, हे खरे.

पण ही जादू नाही

बगलेची सुरुवात केली म्हणजे डाव जिंकला, असे समजू नये. १९७० साली बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग असा सामना झाला. पहिल्या पटावर डेन्मार्कच्या बेंट लार्सनने पहिली खेळी केली प्यादे बी-३. समोर जगज्जेता बोरिस स्पास्की. त्याने लगेच चौकात प्यादी आणली, ई ओळीतले प्यादे पुढे रेटून पांढऱ्या घोड्याला हुसकावले आणि १७ खेळ्यांत डाव संपवला. पांढऱ्याने कडेला वेळ घालवला आणि चौक फोडायची खेळी त्याला जमलीच नाही.

दोन्ही डावांत सुरुवात बगलेकडून झाली, फरक पडला तो पुढे. रेटीने चौक सोडला नव्हता, फक्त तिथे उशिरा गेला. सोळाव्या खेळीचे डी-४ नसते तर आधीच्या पंधरा खेळ्या वाया गेल्या असत्या. चौक समोरच्याला द्यायचा तो परत घेण्याच्या तयारीनेच.

खेळणाऱ्या पोरांसाठी चार गोष्टी

पहिली गोष्ट, समोरच्याने घोडा एफ-३ किंवा प्यादे सी-४ ने सुरुवात केली तर गोंधळू नये आणि त्याला कच्चाही समजू नये. चौकात प्यादी आणावीत, पण शेजारच्या प्याद्यांचा आधार राखून. डी-६ वरच्या एकट्या प्याद्याने कापाब्लांकाचे काय झाले ते लक्षात ठेवावे.

दुसरी, वजिराने प्यादे उचलण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: कोणती ओळ उघडते आणि वजीर परत कुठून येणार.

तिसरी, स्वतः बगलेची सुरुवात करायची असेल तर पाठ केलेल्या खेळ्यांवर विसंबू नये. आपण चौक कधी आणि कोणत्या प्याद्याने फोडणार, हे आधी ठरवावे.

चौथी, असे डाव नुसते वाचू नयेत, पटावर मांडावेत. त्यासाठी ना इंटरनेट लागते, ना शिकवणी. मोहऱ्यांचा एक संच आणि एक मोकळी संध्याकाळ पुरते. प्रत्येक खेळीला थांबून ‘मी असतो तर काय खेळलो असतो’ असे विचारावे आणि मग पुढची खेळी पाहावी. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून अनेक घरांत पट बाहेर निघाला आहे. त्यावर मांडायला हा डाव चांगला आहे.

पूर्ण डाव: रेटी (पांढरी) – कापाब्लांका (काळी), न्यूयॉर्क, १९२४

(घो – घोडा, उं – उंट, ह – हत्ती, व – वजीर, रा – राजा, नुसते घर लिहिले असेल तर प्याद्याची खेळी, × – मारणे, + – शह. कंसातले घर म्हणजे मोहरे जिथून निघाले ते.)

१. घो एफ३, घो एफ६ २. सी४, जी६ ३. बी४, उं जी७ ४. उं बी२, किल्लेकोट ५. जी३, बी६ ६. उं जी२, उं बी७ ७. किल्लेकोट, डी६ ८. डी३, घो (बी८) डी७ ९. घो (बी१) डी२, ई५ १०. व सी२, ह ई८ ११. ह (एफ१) डी१, ए५ १२. ए३, एच६ १३. घो एफ१, सी५ १४. बी५, घो एफ८ १५. ई३, व सी७ १६. डी४, उं ई४ १७. व सी३, ई×डी४ १८. ई×डी४, घो (एफ६) डी७ १९. व डी२, सी×डी४ २०. उं×डी४, व×सी४ २१. उं×जी७, रा×जी७ २२. व बी२+, रा जी८ २३. ह×डी६, व सी५ २४. ह (ए१) डी१, ह ए७ २५. घो ई३, व एच५ २६. घो डी४, उं×जी२ २७. रा×जी२, व ई५ २८. घो सी४, व सी५ २९. घो सी६, ह सी७ ३०. घो ई३, घो ई५ ३१. ह (डी१) डी५. काळ्याने डाव सोडला.